सीटवरचा कोट

घरात तिला सगळे ठिपका म्हणत. खरं नाव होतं, चांगलं होतं, पण ते फक्त अर्जावर यायचं. ठिपका हे नाव भावाने ठेवलं. त्याने एकदा तिच्या खोलीत डोकावून पाहिलं, तर कॉम्प्युटरवर हिरवागार नकाशा आणि त्यावर लाल ठिपकेच ठिपके, गोवर उठल्यासारखे.

"हे काय गं?"

"ससा."

"एवढे ससे?"

"एकच आहे रे. महिनाभर कुठे कुठे भटकला ते आहे."

भावाने कोपरापासून हात जोडले. "एका सशामागे एवढं शिक्षण! धन्य आहे." तेव्हापासून ती ठिपका.

तिच्या शास्त्राला अवकाशीय परिसंस्थाशास्त्र असं भारदस्त नाव आहे. शेजारच्या काकूंना त्यातला पहिला शब्द तेवढा कळला आणि त्या जिनाभर सांगत सुटल्या, की ड्रायव्हरसाहेबांची पोरगी रॉकेट सोडते. भेटली की विचारायच्या, "मग, वर कधी जाणार?" ठिपका म्हणायची, "इतक्यात नाही काकू, अजून लग्न व्हायचंय."

खरं तर काम समजायला सोपं होतं. कुठला जीव कुठे राहतो, तिथेच का राहतो, खायला कुठे जातो, झोपायला कुठे येतो, आणि मधे आपण रस्ता नाहीतर कारखाना आणून ठेवला तर त्याचं काय होतं, हे शोधायचं. त्यासाठी प्राण्याच्या गळ्यात पट्टा बांधतात. पट्ट्यातलं यंत्र ठरल्या वेळी सांगत राहतं, मी इथे आहे, आता इथे आहे. प्रत्येक सांगण्याचा एक ठिपका.

हे घरात कोणाला चटकन समजलं असेल तर ते बाबांना. बाबा शहर बसचे ड्रायव्हर. उभा जन्म एकाच मार्गावर गेला, खाली बंदरापासून वर टेकडीवरच्या शेवटच्या स्टॉपपर्यंत आणि परत.

"म्हणजे हरणाला रूट असतो म्हण की."

"असतो बाबा."

"टायमिंग पाळतं?"

"साधारण."

"मग आमच्या खात्यापेक्षा बरं." एवढं बोलून बाबा मुद्द्यावर यायचे. "कायम झाली का?"

हा प्रश्न ते तिला बऱ्याच वर्षांपासून विचारत होते, आणि ठिपका दर वेळी मान हलवत होती. पहिली नोकरी विद्यापीठात, सशांवर. ससे होते तिथेच राहिले, प्रकल्प संपला. मग पवनचक्क्यांच्या कंपनीसाठी वटवाघळं. मग रस्तेवाल्यांसाठी हरणं. तिथला साहेब अहवाल चाळून अत्यंत गोड आवाजात म्हणाला होता, "काम उत्तमच आहे हो. फक्त हरणं जरा कमी करता येतील का?" तिने हरणं कमी केली नाहीत, साहेबाने तिला कमी केलं. मग एका संस्थेत, जिथे सगळे निसर्गाच्या नावाने डोळ्यांत पाणी आणायचे आणि पगाराची तारीख आली की नजर चुकवायचे. मग नगरपालिकेसाठी उंदरांचा नकाशा. जाहिराती तर ती तोंडपाठ म्हणून दाखवायची, बातम्या देणाऱ्या बाईच्या सुरात: "उमेदवाराला डोंगर चढता यावा, प्रोग्रामिंग यावं, जीप चालवता यावी, चिखलात झोपता यावं. पद तात्पुरतं. पगार अनुभवाच्या रूपात."

बाबा पोट धरून हसायचे आणि मग गंभीर व्हायचे. "म्हणजे अजून बदलीवरच."

बदली ड्रायव्हर म्हणजे काय, ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. रोज सकाळी डेपोत यायचं, कोणी आजारी पडलं तर त्याची गाडी घ्यायची. आपली अशी गाडी नाही, आपली अशी सीट नाही. ज्याची सीट त्याचा कोट. ही डेपोची रीतच होती. चहाला उतरताना ड्रायव्हर आपला कोट सीटवर टाकून जायचा. सीटवर कोट आहे म्हणजे ड्रायव्हर आहे, आसपास कुठेतरी आहे, आत्ता येईल. मग त्या सीटला साहेबसुद्धा हात लावत नसे. बाबा कायम झाले त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सीटवर कोट टाकला आणि चहाला गेले. परत येऊन बघतात तर कोट तिथेच! ही गोष्ट ते अशी सांगायचे, जशी लोक आपल्या लग्नाची सांगतात.

निवृत्त झाल्यावर गाडी गेली, कोट राहिला. जाड निळ्या लोकरीचा, कोपरांवर झिजून चकचकीत झालेला. आणि सवय राहिली. घरात खुर्चीवरून उठले की कोट खुर्चीवर. न्हाणीघरात गेले तरी कोट खुर्चीवर. भाऊ टीव्हीसमोर उभ्याने मॅच बघायचा. "बस की खुर्चीवर," वहिनी म्हणायची. "बाबा बसलेत," भाऊ कोटाकडे बोट दाखवून म्हणायचा.

पुढे बाबा विसरायला लागले. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग आई वारली आहे हे. एके दुपारी ते फ्रीजचं दार उघडून उभे राहिले. गार हवा पायांवर येत होती आणि बाबा अगदी ड्युटीवरच्या आवाजात म्हणत होते, "चला, उतरून घ्या. पुढे सरका, दारात गर्दी नको." भाऊ आणि ठिपका आधी खो खो हसले. मग भाऊ हसता हसता गॅलरीत निघून गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

दोनदा ते घरातून निघून गेले. दुसऱ्या वेळी पोलिसाने आणून सोडलं तेव्हा पायात एकच बूट होता. भावाचं काम लिफ्टच्या दुरुस्तीचं, कधी कुठून बोलावणं येईल सांगता यायचं नाही. वहिनी बेकरीत काउंटरवर. ठिपका तेव्हा दोन प्रकल्पांच्या मधल्या खड्ड्यात होती, ती भावाकडेच राहायला आली.

एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबांना ट्रॅकर लावू या."

भावाचा घास हातात राहिला. "हरणाचा पट्टा? बाबांच्या गळ्यात?"

"गळ्यात कशाला? काडेपेटीएवढा असतो. खिशात."

"खिशातलं ते सगळं फेकून देतात. घड्याळ फेकलं, पाकीट फेकलं."

"कोट नाही फेकत," वहिनी म्हणाली. ते खरं होतं. वहिनीने कोटाचं अस्तर उसवलं, ट्रॅकर आत ठेवला आणि बारीक टाक्यांनी शिवून टाकला.

त्यानंतर घरात जरा श्वास घेता आला. ठिपकाच्या फोनवर बाबांचा ठिपका दिसायचा. घर, डेपोच्या फाटकासमोरचं बाकडं, चहाची टपरी, पुन्हा घर. बाकड्यावर जुने ड्रायव्हर बसायचे, टपरीवाला लक्ष ठेवायचा. "बाबा कुठायत?" भाऊ कुठल्यातरी अडकलेल्या लिफ्टमधून फोन करून विचारायचा. "बाकड्यावर," ठिपका सांगायची. कधी कधी तिला नकाशा बघून वाईट वाटायचं. म्हाताऱ्या प्राण्यांचं असंच होतं, वावर आकसत जातो. बंदरापासून टेकडीपर्यंत गाडी नेणारा माणूस आता एका गल्लीत मावत होता.

त्याच सुमारास ती जाहिरात आली. डोंगराळ भागातलं निरीक्षण केंद्र, लांब, आगगाडीने गेलं तर अख्खा दिवस जाईल असं. प्राण्यांचे मार्ग शोधायचे, नव्या मुलांना शिकवायचं. पद कायम. ठिपकाने तो शब्द पुन्हा पुन्हा वाचला. एका पार्सल कंपनीची नोकरी हाताशी होती, त्यांनाही मार्ग शोधणारी माणसं लागतात. पण तिकडे एकदा गेलं की या कामात परत येणं नव्हतं, हे तिला कळत होतं. वय उतरणीला लागलं होतं, डोंगर चढणारी नवी पोरं रांगेत होती. ही शेवटची संधी.

"जा तू," भाऊ म्हणाला. "आम्ही आहोत."

"तुम्ही दोघं दिवसभर बाहेर."

"मग?"

"मग फोनवरचा ठिपका आहे ना. मी तिकडून बघत जाईन. हलले की तुला फोन करीन. अरे, मी शंभर कोसांवरची कोल्हीण सांभाळलीये, बाबांना नाही सांभाळणार?"

असं तिने मनाशी ठरवलं होतं. नोकरीही मिळवायची आणि बाबांनाही सोडायचं नाही. दोन्ही त्या काडेपेटीएवढ्या डबीच्या भरवशावर.

मुलाखत व्हिडिओवर होती, दुपारची, कडाक्याच्या थंडीतली. वहिनीला सुट्टी मिळाली नाही. बाबा रोजच्यासारखे कोट घालून निघाले. ठिपकाने त्यांना बाकड्यापर्यंत सोडलं, टपरीवाल्याला हाक मारून सांगितलं, "काका, तासाभरात येते, बघा हं." "निवांत जा ताई," टपरीवाला म्हणाला. बाबा तिला बघून म्हणाले, "कायम झाली का?" रोजचाच प्रश्न. ती म्हणाली, "आज होते बघा."

पडद्यावर तिघं जण होते. अध्यक्ष बाई प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर?" म्हणायच्या. चष्मेवाले गृहस्थ "मला असं सांगा" म्हटल्याशिवाय तोंड उघडत नव्हते. तिसरा माणूस आवाज बंद करायला विसरला होता आणि त्याची बिस्किटं कुरकुर वाजत होती. ठिपकाने फोन बाजूला उभा करून ठेवला होता. नकाशा, गल्ली, बाकडं, ठिपका. सुरुवातीला ती दर उत्तरानंतर तिकडे बघत होती. ठिपका जागचा हलत नव्हता. बाबा बसलेत. हळूहळू तिचा आवाज मोकळा झाला. ससे, वटवाघळं, रस्तेवाल्या साहेबाची हरणं, सगळं तिने रंगवून सांगितलं. बाई हसल्या. बिस्किटं थांबली.

"मला असं सांगा," चष्मेवाले म्हणाले, "तुमच्या कामात माणसं सगळ्यात मोठी चूक कुठली करतात?"

या प्रश्नाची ती वाटच बघत होती. "पट्ट्याला प्राणी समजतात," ती म्हणाली आणि कोल्हिणीची गोष्ट सांगितली. एका कोल्हिणीचा ठिपका एका जागी थांबला. थांबला तो थांबलाच. ऑफिसात सगळ्यांनी ठरवून टाकलं की बाईसाहेब बाळंत झाल्या. कोणी पेढे मागितले, कोणी पिल्लांना नावं ठेवली. पुढे कधीतरी कोणीतरी तिथे चालत गेलं, तर कुंपणाच्या तारेला नुसता पट्टा लोंबत होता. कोल्हीण केव्हाच पट्टा सोडून पसार झालेली. "ठिपका हलत नाही, याचा अर्थ प्राणी बसलाय असा होत नाही," ती म्हणाली. "पट्टा तिथे आहे, एवढाच होतो. खरं काय ते जाऊन बघावं लागतं."

"वा," बाई म्हणाल्या. "बरोबर."

ठिपकाने फोनकडे पाहिलं. ठिपका बाकड्यावर होता. तिला बरं वाटलं.

मुलाखत लांबली, कारण ती चांगली चालली होती. शेवटी बाई म्हणाल्या, "लवकरच कळवू," पण अशा आवाजात, की कळवायचं काही उरलं नव्हतं. ठिपकाने लॅपटॉप मिटला, चपला घातल्या आणि जवळजवळ पळतच गल्लीत आली. आज उत्तर वेगळं द्यायचं होतं.

बाकड्यावर कोट होता. नीट घडी घालून, बाह्या आत दुमडून, ड्रायव्हर सीटवर ठेवतो तसा.

"काका, बाबा?"

"असतील की आसपास," टपरीवाला कप विसळत म्हणाला. "कोट आहे ना." मग त्याने मान वर केली, तिचा चेहरा पाहिला आणि त्याच्या हातातला कप तसाच राहिला. "मला वाटलं, आत डेपोत गेलेत. कोट होता हो ताई. कोट होता."

डेपोतल्या लोकांनाही, बाकड्यावरच्या जुन्या ड्रायव्हरांनाही तेच वाटलं होतं. येता-जाता प्रत्येकाने कोट पाहिला होता आणि ड्रायव्हरसाहेब आहेत म्हणून पुढे गेला होता. ठिपकाने कोट उचलला. आतून गारठला होता. अस्तरातली ती डबी हाताला लागली, आणि फोनवरचा ठिपका तिच्या हाताबरोबर किंचित हलला.

भाऊ आला, वहिनी आली, डेपोने गाड्यांवर निरोप दिले. बाबा सापडले ते दिवस मावळता मावळता, टेकडीवरच्या शेवटच्या स्टॉपवर. पातळ सदऱ्यात, स्टॉपच्या पायरीवर बसलेले. गाडी सुटायची वेळ झाली असावी त्यांच्या हिशेबाने, आणि गाडी बाकड्यापाशी नव्हती, म्हणून कोट टाकून ते गाडी शोधत निघाले. मार्ग चुकले नाहीत. एकही वळण चुकले नाहीत. ज्या बसवाल्याने त्यांना पाहिलं तो म्हणाला, ओठ निळे पडले होते, पण मला बघून हात केला, नेहमीसारखा, ड्रायव्हर ड्रायव्हरला करतो तसा.

थंडी छातीत उतरली होती. दवाखान्यात भाऊ भिंतीला टेकून उभा होता. ठिपका जवळ गेली तेव्हा तिच्याकडे न बघता म्हणाला, "ठिपक्याच्या जिवावर सोडलं आपण त्यांना." 'आपण' म्हणाला, 'तू' म्हणाला नाही. त्याने 'तू' म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

पत्र तिला तिथेच, फोनवर आलं. अभिनंदन, कायम पद, रुजू कधी होता ते कळवा. ती बाबांच्या कानाशी वाकली. नळीमधून हवा फुसफुसत होती.

"बाबा, झाले. कायम झाले."

बाबांनी डोळे उघडले. तिच्याकडे पाहिलं, अगदी अदबीने, जसं ते परक्या बाईमाणसाकडे पाहायचे. "ताई, कुठे उतरायचंय तुम्हाला?"

"शेवटच्या स्टॉपला," ती म्हणाली.

"मग बसा निवांत," बाबा म्हणाले. "वेळ आहे अजून."

त्यानंतर ते नीट असं काही बोलले नाहीत. दोन दिवसांनी गेले, पहाटे, ड्युटी सुरू व्हायच्या वेळेला.

सगळं उरकल्यावर ठिपकाने जाहीर केलं की ती नोकरी घेणार नाही. पार्सलवाल्यांकडेही जाणार नाही. नकाशाचं तोंड पुन्हा बघणार नाही. वहिनीने समजावून पाहिलं, काकूंनी येऊन रडून पाहिलं. एका संध्याकाळी भावाने खुर्चीवरचा कोट उचलला, झटकला आणि तिच्या बॅगेवर ठेवला.

"सीट मिळालीये ना तुला?" तो म्हणाला. "मग टाक जा कोट. एवढी वर्षं विचारत होते, ते काय उगाच?"

दोघं भावंडं त्या रिकाम्या खुर्चीजवळ उभी राहून रडली. बसलं मात्र कोणी नाही.

आता ठिपका त्या डोंगरातल्या केंद्रात असते. पोरं तिला मॅडम म्हणतात आणि पाठ वळली की तिची हुबेहूब नक्कल करतात, मान वाकडी करून, चष्म्यावरून बघत: "जाऊन बघ." कारण तिचा एकच हट्ट आहे. कुठलाही ठिपका थांबला, की त्यापुढे 'विश्रांती' असं लिहायचं नाही. कोणीतरी तिथवर चालत जायचं, डोळ्यांनी बघायचं, मगच लिहायचं.

"मॅडम, अख्खा डोंगर आहे मधे."

"जाऊन बघ."

"मॅडम, हरीण झोपलं असेल हो. दुपार आहे."

"असेल. जाऊन बघ."

कोणी गेलं नाही तर ती स्वतः जाते. गुडघे कुरकुरतात, पोरं खालून चिडवतात, "मॅडम, बस थांबवू का?" तिला त्याचा राग येत नाही. परवा अशीच एका हरणाच्या मादीच्या ठिपक्यामागे गेली. वर, झाडं संपतात तिथे, गवतात पट्टा पडला होता. चामडं झिजून तुटलेलं, यंत्र अजून चालू, मी इथे आहे, मी इथे आहे. मादी नव्हती. पलीकडच्या उतारावर खुरांचे ताजे ठसे होते, आणि ते नकाशावरून बाहेर जात होते.

ठिपका पट्टा हातात घेऊन खाली बसली. वारा गार होता. तिने बॅगेतून जाड निळा कोट काढला, अंगावर घेतला, कोपरांच्या चकचकीत जागांवरून हात फिरवला. अस्तरातली डबी केव्हाच काढून टाकली होती, वहिनीच्या टाक्यांच्या खुणा मात्र तशाच होत्या. खालून पोराने वायरलेसवर विचारलं, "मॅडम, आहे का तिथे?"

"नाही," ती म्हणाली. "पुढे गेली."

मग ती तिथेच बसून राहिली, आणि पोरं खाली वाट बघत राहिली.